ब्राफ कायनेजमुळे पेशी वृद्ध झाली का, हे कसे तपासावे

त्वचेवरील साध्या तिळात पुष्कळदा ब्राफ या कायनेजच्या (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून संकेत पुढे नेणाऱ्या विकराच्या) जनुकाचे व्ही६००ई नावाचे उत्परिवर्तन आढळते. तरीही तो तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, कारण वाढीचा अतिरेकी संकेत मिळताच पेशीत पी१६ हे प्रथिन वाढते, ते सीडीके४ आणि सीडीके६ या कायनेजांना रोखते आणि त्यामुळे आरबी प्रथिन पेशीविभाजन अडवून धरते. अशा कायमचे विभाजन थांबलेल्या पेशीलाच वृद्ध पेशी म्हणतात. ही अर्बुदरोधक यंत्रणा मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींत पाहायची असेल, तर उत्परिवर्तित ब्राफ घातलेल्या पेशींसोबत केवळ रिकामा वाहक (ब्राफ जनुक नसलेला वाहक डीएनए) घातलेल्या पेशीही वाढवाव्यात. या तुलनेवाचून पुढचे काहीच ग्राह्य धरू नये.

सुमारे आठवड्याने वृद्ध पेशींत वाढणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची रंगचाचणी करावी; तीत वृद्ध पेशी निळ्या होतात. पेशी तीन ते पाच मिनिटेच स्थिर (रसायनाने आहे त्या स्थितीत जतन) कराव्यात, अन्यथा विकर निकामी होते. एक्स-गॅलचे (हे विकर तोडते तेव्हा निळा रंग देणाऱ्या रसायनाचे) द्रावण नेमके ६.० पीएचचे असावे, कारण पीएच ४ च्या आसपास तरुण पेशीही निळ्या होतात. डिश ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावी, मात्र कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये नव्हे. तो वायू द्रावणाचा पीएच खाली आणतो, आणि सर्वाधिक जपायला हवे ते माझ्या मते येथेच.

दाटीने वाढलेल्या पेशीही निळ्या दिसू शकतात, म्हणून एकट्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. डीएनएची निर्मिती थांबली आहे का, हे ईडीयूने (नव्या डीएनएत सामावणाऱ्या खुणेच्या रेणूने) पाहावे आणि पी१६ ची पातळी वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडांनी विशिष्ट प्रथिन ओळखण्याच्या पद्धतीने) तपासावी. ताजे माध्यम दिल्यावरही विभाजन सुरू झाले नाही, तरच त्या पेशींना वृद्ध म्हणावे.