दिसायला शहर, कागदावर पंचायत: ग्रामसभेत प्रश्न लावून धरायचा कसा

गोव्यातल्या पर्वरीत विधानसभा आहे, सचिवालय आहे, मॉल आहे. नगरपालिका तेवढी नाही. घर कोणत्या गल्लीत आहे त्यावरून तुम्ही सुकूर, पेन्ह द फ्रान्स किंवा साल्वादोर द मुंद पंचायतीचे रहिवासी ठरता. पणजीला लागून ताळगाव आणि मेरशी, फोंड्याला चिकटून कुर्टी-खांडेपार, तिथेही हीच गंमत. गोव्यात १३ नगरपालिका, पणजीची महापालिका आणि १९१ ग्रामपंचायती. पालिकेच्या हद्दीतला माणूस नगरसेवकाच्या मागे फिरतो. पंचायतीतल्या मतदाराला मात्र ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. फ्लॅटमधली मंडळी हा हक्क फारसा वापरत नाहीत, आणि मग कचऱ्यावरून वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर कुरकुरतात.

सर्वात आधी घरपट्टीची पावती काढा. तिच्यावर ज्या पंचायतीचे नाव, तीच तुमची. मग मतदार यादी पाहा, कारण ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या यादीतला मतदार. चार वर्षांपूर्वी म्हापशाहून पर्वरीला आलात आणि नाव अजून म्हापशातच असेल, तर तुमचा प्रश्न 'हे इथले मतदार नव्हेत' एवढ्यावर उडवता येतो, आणि तो उडवतातच. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा. फॉर्म ६ नव्या मतदारासाठी असतो. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरून घरबसल्या होते. यादी दुरुस्त व्हायला वेळ जातो, म्हणून सभेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

साध्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांना धरून विशेष ग्रामसभा असतात. नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. ती नुसती वाचू नका, मोबाईलवर फोटो काढा. विषयपत्रिका आणि लेखी प्रश्न देण्याची मुदत तिच्यातच असते. मुदत लिहिलेली नसेल तर आठवडाभर आधी प्रश्न देऊन मोकळे व्हा.

प्रश्न लिहिण्याआधी तो कोणाच्या अखत्यारीत येतो ते पक्के करा. निम्म्या तक्रारी इथेच वाया जातात. पर्वरीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पंचायतीचा नव्हे. त्याच्या खड्ड्यांवरून सरपंचाला धारेवर धरले की तो सुखाने हात वर करतो आणि तुमची दहा मिनिटे संपतात. मोठे रस्ते साबांखाचे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचे. पथदीप बंद असेल तर खांबावरचा क्रमांक टिपून वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. दारूच्या दुकानाचा परवाना अबकारी खाते देते, झोन बदल नगरनियोजन खात्याकडे. पंचायतीकडे उरते ते वाड्यावरचे छोटे रस्ते, गटारे, कचरा उचलणे, घरपट्टी, व्यवसाय परवाने आणि बांधकाम परवाने. तेवढेही कमी नाही. दुसऱ्या खात्याच्या विषयावर ग्रामसभा ठराव घेऊ शकते, पण त्याचे वजन हरकतीएवढे. काम बंद पाडण्याची ताकद त्यात नसते.

आता प्रश्न. 'आमच्या भागातले रस्ते कधी सुधारणार?' याला 'लवकरच' हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी असे लिहा:

'प्रभाग ४ मधील देवळापासून पंपहाऊसपर्यंतच्या अंदाजे १५० मीटर रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश कोणत्या तारखेचा? रक्कम किती? कंत्राटदार कोण? दोषदायित्व कालावधी कधी संपतो? त्या काळात खडी उखडली, तर दुरुस्तीसाठी कंत्राटदाराला पत्र दिले का? दिले असल्यास जावक क्रमांक काय?'

खरी कळ दोषदायित्वात आहे. मुदत चालू असेल तर रस्ता कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत संपेपर्यंत कोणी विचारलेच नाही, की नव्या निविदेतून तोच रस्ता पुन्हा आपल्याच पैशांनी होतो. खर्चाचा अंदाज आधीच हवा असेल तर केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतली कामे पाहायला मिळतात.

एका पत्रात एकच विषय. कचरा, भटकी कुत्री आणि गटार एकत्र लिहिलेत तर सोप्याचे उत्तर मिळेल आणि उरलेल्या दोन्हींचा विसर पडेल. पत्र मराठीत चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीही सरकारी कामात वापरता येते. सर्व्हे क्रमांक आणि ऑक्युपन्सी (इमारत वापरण्याचा दाखला), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) असे शब्द मात्र फाईलमध्ये आहेत तसेच ठेवा. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही व आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, मागाहून इनवर्ड करतो' असे कारकून म्हणाला तर तिथेच बाकावर बसा. आवक क्रमांक नसलेले पत्र आलेच नाही असे समजले जाते.

सभेच्या दिवशी वेळेवर पोचा. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग पुन्हा सुरू होते. कंटाळून घरी गेलेल्यांच्या माघारी बरेच काही मंजूर होते. बोलणे बहुतेक कोकणीतून चालते, मराठीत बोललात तर कोणी अडवत नाही. 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द मात्र कानावर येईल याची तयारी ठेवा. त्याला सर्वात चांगले उत्तर म्हणजे ठरावाला जुन्या गावकऱ्याचे अनुमोदन. त्यासाठी आठवडाभर आधी वाड्यावर दोन चकरा माराव्या लागतात.

सुरुवातीला मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. इथे लोक चहा पीत असतात, आणि घात इथेच होतो. मागच्या वेळी 'चौकशी करून अहवाल ठेवावा' असे ठरले आणि वहीत 'चर्चा झाली' एवढेच उतरले, तर हरकत घ्यायची वेळ हीच. एकदा इतिवृत्त कायम झाले की तुमची आठवण विरुद्ध त्यांची वही, आणि वही जिंकते. म्हणून ठराव तोंडी मांडू नका. चार ओळींत लिहून आणा: काय करायचे, कोणी, किती दिवसांत, खाली सूचक आणि अनुमोदक. कागद सचिवाच्या हातात द्या आणि वहीत लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

बेकायदा बांधकामाचे थोडे वेगळे. त्याला ग्रामसभेची वाट पाहू नका. सर्व्हे क्रमांक, तारखेसह फोटो आणि बाजूची ओळखीची खूण देऊन पंचायतीला लेखी कळवा. गोवा पंचायतराज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे माहिती मिळाल्यापासून एका महिन्यात पंचायतीने कारवाई केली नाही, तर ते अधिकार पंचायत उपसंचालकाकडे जातात. तो महिना मोजायला सुरुवात तुमच्या आवक शिक्क्यापासून होते. महिना उलटला की त्याच पत्राची प्रत जोडून उपसंचालकाला लिहा. सर्व्हे क्रमांक चुकला तर पाहणी शेजारच्या जमिनीवर होते आणि 'तसे काही आढळले नाही' असा अहवाल येतो. म्हणून पत्र देण्याआधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या कब्जेदारांची सरकारी नोंद) आणि सर्व्हे आराखडा जुळवून घ्या.

सभेत उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार. पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे सचिवच. अर्जाचे शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'रस्ता का केला नाही?' असे विचारू नका. 'का' ही माहिती नव्हे असे सांगून अर्ज निकाली काढतात. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल, इतिवृत्ताचे पान असे नाव घेऊन कागद मागा. कोणता कागद हवा तेच ठाऊक नसेल तर आधी फाईल पाहायला मागा, हव्या त्या पानांना खूण करा आणि तेवढ्याच प्रती घ्या. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम आहे, परत फिरवणे नव्हे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिले अपील. तिथेही जमले नाही तर ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. बहुतेक अर्ज पहिल्या अपिलाची मुदत हुकल्यामुळे मरतात, तेव्हा अर्ज दिला त्याच दिवशी कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला लाल गोल करून ठेवा. कागद हाती आले की त्यांची झेरॉक्स जोडून पुढच्या तिमाहीच्या ग्रामसभेसाठी नवा लेखी प्रश्न द्या, आणि त्यात मागच्या पत्राचा आवक क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा.