अमेरिकेतल्या पायोनियर घराण्याची वंशावळ शोधताय? या चुका टाळा

तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडे हल्ली हे एक नवीन काम निघालंय. जावई किंवा सून अमेरिकन असते, नातवंडाला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळतो, आपल्या बाजूचा कुलवृत्तांत कपाटात तयार असतो पण तिकडच्या बाजूने फक्त "आमचे लोक केंटकीचे, त्याआधी बहुतेक व्हर्जिनिया" एवढंच हाती लागतं. मग आजोबा लॅपटॉप उघडून बसतात आणि चार-पाच संध्याकाळींत घराणं थेट 1650 च्या इंग्लंडला नेऊन भिडवतात. यातलं निम्मं दुसऱ्याच कुणाचं घराणं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नावामागे धावणं. फ्रंटियरवर, म्हणजे हे पायोनियर लोक पश्चिमेकडे सरकत नव्या वस्त्या करत होते तिथे, जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, नॅन्सी एवढ्यात अख्खी वस्ती संपते. अब्राहम लिंकनचंच घ्या, त्याच्या आईचं माहेरचं नाव नॅन्सी हँक्स आणि तिच्या एका मावशीचं नावही नॅन्सी हँक्स, शिवाय लिंकनच्या आजोबांचं नाव अब्राहमच. त्यात जुन्या कागदांत लिंकनचं 'लिंकहॉर्न' झालेलंही सापडतं, कारण कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. त्यामुळे सर्चमध्ये 'एक्झॅक्ट' वर टिक करून बसलात तर बसूनच राहाल. आणि सीनियर-ज्युनियर दिसलं की बाप-लेक धरू नका हो, एका भागात एकाच नावाचे दोघं असले की वयाने मोठा तो सीनियर, मग ते काका-पुतणे असोत नाहीतर नात्यातलेही नसोत, आणि मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर.

मग माणूस ओळखायचा कसा? शेजाऱ्यांवरून. ही कुटुंबं एकटी निघायचीच नाहीत, पेनसिल्व्हेनियातून शेनन्डोआ खोऱ्यात, तिथून कॅरोलायना किंवा कंबरलँड गॅपमधून केंटकीत, पुढे इंडियाना, मिझुरी, सगळीकडे तेच सासरे, मेव्हणे, चर्चमधले लोक बरोबर. खरेदीखतावर साक्षीदार कोण, मृत्युपत्रात जामीन कोण, टॅक्स लिस्टमध्ये वरखाली कोण, ही पाच-सहा नावं टिपून ठेवा आणि पुढच्या काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तीच टोळी दिसते का बघा. दिसली तर तुमचा जॉन बहुतेक तोच.

दुसरी चूक काउंटीची, आणि इथे भलेभले अडकतात. लिंकनच्या आईवडिलांचं लग्न झालं 12 जून 1806 ला. पुढे ते हार्डिन काउंटीत राहिले म्हणून लोकांनी तिथलं दप्तर उलथंपालथं केलं, नोंद नाही, मग कुजबुज सुरू झाली की लग्न झालंच नव्हतं. नोंद होती वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टात, स्प्रिंगफील्ड गावी, आणि ती मिळाली लिंकन गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा लग्नाची नोंद सापडत नसेल तर आधी नवरी जिथे राहत होती ती काउंटी बघायची.

बरं, माणूस जागचा हलला नाही तरी काउंटी हलते. आज केंटकी असलेला बराचसा भाग 1772 मध्ये व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होता, 1776 ला ती मोडून केंटकी काउंटी वेगळी झाली, 1780 ला तिचे तीन तुकडे, 1792 ला राज्यच वेगळं. आपल्याकडे 2014 ला पालघर जिल्हा झाला तरी त्याआधीचं दप्तर ठाण्याच्या नावाने निघतं, तसंच. फिनकॅसलचे कागद आज व्हर्जिनियातल्या माँटगोमेरी काउंटीत आहेत. न्यूबेरी लायब्ररीचा काउंटी-सीमांचा अॅटलास ऑनलाइन फुकट आहे, तारीख टाका, त्या दिवशीची हद्द दिसते, तो उघडल्याशिवाय शोध सुरूच करू नका.

सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, मुलांची नावं सापडत नाहीत अशी तक्रार असेल तर वर्ष बघा. 1790 ते 1840 फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी वयोगटाप्रमाणे आकडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव 1850 पासून, आणि प्रमुखाशी नातं काय ते 1880 पासून. म्हणजे 1850 च्या यादीत घरात मोठी बाई दिसली म्हणून ती मुलांची आईच असं नाही, दुसरी बायको असू शकते, बहीणही असू शकते. 1890 चा सेन्सस बहुतेक सगळा गेला, 1921 च्या आगीनंतर त्यातलं फारसं उरलंच नाही, तो शोधत वेळ घालवू नका. केंटकी आणि टेनेसीचे 1790 आणि 1800 चेही नाहीत, तिथे टॅक्स लिस्ट कामाला येते, आणि खरं सांगायचं तर ती सेन्ससपेक्षा भारी कारण ती दरवर्षीची असते, मुलगा वयात आला की यादीत उगवतो, बाप गेला की नाव गळतं.

जमिनीचे कागद कंटाळवाणे म्हणून लोक टाळतात, ते तर आधी बघायला हवेत. केंटकीत मोजणी म्हणजे अमुक ओकच्या झाडापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे, लिंकनचे वडील थॉमस लिंकन याच भानगडींना वैतागून 1816 ला इंडियानात गेले, गुलामगिरी हे दुसरं कारण पण मुख्य जमीनच, असं लिंकनने स्वतः लिहून ठेवलंय. इंडियानात सरकारी चौकोनी मोजणी, सहा मैलांची टाउनशिप, 640 एकरांचा सेक्शन. ओरेगॉनला गेलेल्यांसाठी, तिथे वस्ती करणाऱ्यांना जमीन देणाऱ्या 1850 च्या कायद्याखालच्या फायली बघा, नवरा-बायकोला मिळून 640 एकर मिळायचे म्हणून लग्न कधी आणि कुठे झालं ते अर्जदाराने सांगितलेलं असतं.

तसंच पेन्शन. 1832 च्या कायद्याने क्रांतियुद्धातल्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या) म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात उभं राहून जन्म कुठला, कुठे-कुठे राहिलो हे सगळं सांगितलं. पुढे विधवांना लग्नाचा पुरावा लागला तेव्हा काहींनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडूनच अर्जाला जोडलं, ती पानं आजही फायलींत आहेत.

एक सांगून ठेवतो, जुन्या मृत्युपत्रांत गुलामांची नावं येतील, बैल-भांड्यांच्या ओळीतच. ती वगळू नका, उतरवून घ्या. काळ्या कुटुंबांतल्या बहुतेकांची नावं सेन्ससमध्ये पहिल्यांदा 1870 ला येतात, त्याआधीचा धागा कित्येकदा अशाच मालकांच्या कागदात असतो.

"पणजी चेरोकी राजकन्या होती" हे तर दर दुसऱ्या घरात ऐकाल. चेरोकी ही तिथली एक मूळनिवासी जमात, तिच्यात राजकन्या नावाचा प्रकारच नव्हता. पण गोष्ट खोटी म्हणून फेकूही नका, तिच्यातलं गावाचं किंवा नदीचं नाव कधीकधी खरं निघतं.

ऑनलाइन तयार फॅमिली ट्री कॉपी करण्याआधी नुसतं वजाबाकी करून बघा, आई नवव्या वर्षी बाळंत झालेली दिसली तर पुढे जाऊ नका. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर 2024 पासून हस्तलिखित कागदांत फुल-टेक्स्ट सर्च करता येतो, त्यात माणूस साक्षीदार म्हणून कोपऱ्यात सही करून गेला असला तरी सापडतो. आणि काउंटीचं दप्तर असलेलं कोर्टहाऊस जळलं असं वाचलं की हात टेकू नका, व्हर्जिनिया आणि केंटकीत टॅक्स लिस्टची एक प्रत राजधानीला जायची, आणि आगीनंतर जमीनमालक स्वतःकडची जुनी खतं घेऊन पुन्हा नोंदवायला यायचे, म्हणून आगीनंतरच्या दहा-वीस वर्षांची रजिस्टरं आधी काढा.