पहिली बोट किती फुटांची?
नागपुरात राहून बोट घ्यायची, तर आधी मे महिन्यात कन्हान नदी बघून या. पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. अशा ठिकाणी १२ ते १४ फुटांची, सपाट तळाची हलकी बोट बरी. रुतली तर दोघं उतरून ढकलतात. कोकणात न्यायची असेल तर हिशेबच वेगळा. लाटांवर सपाट तळ नुसता आपटतो, पाठ मोडते. तिथे खाली निमुळता तळ, उंच कडा आणि १६-१८ फूट लांबी हवी. दोन्हीकडे चालणारी एकच बोट शोधत बसू नका; पहिली नदीचीच घ्या. आणि हो, लांबी मोजताना बोट ज्यावर ठेवायची त्या ट्रेलरची दांडीही धरा, नाहीतर सोसायटीचं फाटक लागणार नाही.