पावसाळी मुक्कामाचा हलका तंबू : एमएमचा आकडा सोडा, वारा कुठून खेळतो ते बघा

जुलै उजाडला की आठवड्याला एक तरी फोन येतोच. "कणकुंबीकडं निघालोय, पाच हजार एमएमचा टेन्ट बघितलाय, घेऊ काय?" कापड किती पाणी अडवतं ते सांगणारा हा आकडा कानावर पडला की समजायचं, गडी रात्री भिजणार.

बेळगावात नुसती रिपरिप असते तेव्हा जेमतेम ५० किलोमीटरवर कणकुंबीत धो धो चालू असतो. तिथून चोर्ला घाटाच्या माथ्यावर गेलात तर धुकं, वारा आणि झड तिन्ही एकदम. दुकानातले बहुतेक तंबू कोरड्या हवेच्या हिशोबानं शिवलेले असतात, त्यामुळं आपल्याला निवडूनच घ्यावा लागतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. कुणाच्या तरी मालकीच्या रानात, मालकाला विचारून राहायचं. त्यावर चर्चा नको.

वजन : दोघांचा तंबू सगळं धरून २ किलोच्या आसपास. जाहिरातीतल्या वजनात बऱ्याचदा खुंट्या, दोर आणि पिशवी धरलेली नसते, म्हणून दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा. एकटे जात असाल तरी दोघांचाच घ्या. ओली सॅक काय उशाला घेणार?

आकडा : एमएम म्हणजे कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच झाल्यावर पाणी पलीकडं पाझरायला लागतं, ते माप. फ्लायला, म्हणजे बाहेरच्या कापडाला, २००० पुष्कळ झाले. तळाला मात्र ३००० च्या वर हवेत, कारण ओल्या जमिनीवर तुमचा गुडघा आणि कोपर तिथं दाबून बसतो. फ्लायला ५००० घेतलेत तर लेप जाड, वजन जास्त, झोप तेवढीच.

कापड : नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. रात्री दहाला ताणून बांधलेली फ्लाय दोन वाजता ओल्या धोतरासारखी लोंबते, मग पावसात बाहेर येऊन दोर ओढत बसा. पॉलिएस्टर तेवढं ढिलं पडत नाही, म्हणून मी तेच सुचवतो. सिलिकॉनचा लेप दोन्ही बाजूंनी असलेलं कापड घेतलंत, तर त्यावर शिवणीची टेप चिकटत नाही. शिवणी सिलिकॉननं स्वतः भराव्या लागतात.

आता खरी गोम. इथं मी दोन पावसाळे वाया घालवलेत.

माझा पहिला हलका तंबू एकाच कापडाचा होता, आत वेगळी जाळी नव्हती. जांबोटीच्या पुढं एका शेताच्या बांधावर पहाटे तीनला जाग आली, तर स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग चिंब. तंबू गळतोय अशी माझी खात्रीच पटली. घरी येऊन शिवणींवर सीलर, म्हणजे भोकं बुजवायचा लेप, फासला. पुढच्या खेपेला तेच. पुन्हा फासला. तिसऱ्या खेपेला शेताचे मालक, साठी ओलांडलेले मामा, सकाळी चहा घेऊन आले, कापडाला आतून हात लावला आणि म्हणाले, "गळत न्हाई रे. घाम आलाय त्येला."

घामच तो. दोन माणसांचा श्वास आणि अंगाची वाफ मिळून रात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी सहज होतं. बाहेर पाऊस कापडाला गार करत असतो, आतली वाफ त्या गार कापडावर जाऊन बसते. चहाच्या टोपावरचं झाकण आठवा. वर टपोरे थेंब आपटले की आतले थेंब बारीक तुषार होऊन तोंडावर येतात, आणि माणूस फ्लायच्या नावानं शिव्या घालतो.

गळतं की घामेजतं, हे ओळखायला रुमाल पुरतो. कापड आतून पुसून घ्या. एकाच ठिकाणी, शिवणीच्या रेषेत थेंब परत आले तर गळती. सगळीकडं सारखं दव धरलं तर वाफ. वाफेवर सीलर फासून काहीही होत नाही, हे माझ्या पैशांनी सिद्ध झालेलं आहे.

रोपलावणीला आमच्याकडं बायका इरलं घ्यायच्या. पाठीवर पानांचं छप्पर, पुढून आणि खालून मोकळं. पाठीवर दिवसभर पाऊस, पण आत वारा खेळता. प्लास्टिकच्या खोळीत पाऊस आत येत नाही, तरी संध्याकाळी पाठ भिजलेलीच. तंबू घेताना मला इरलंच डोळ्यांपुढं येतं.

म्हणून दुकानात तंबू उभा करायला लावा आणि आत जाऊन आडवे व्हा. विक्रेता वैतागू दे. आतलं कापड आणि फ्लाय यांच्यात सगळीकडं चार बोटं तरी अंतर आहे का? पायाकडं नक्की बघा, तिथं छप्पर उतरतं आणि पायाचा अंगठा टेकतो. माझी बॅग तिथूनच भिजत होती. वर, समोरासमोर दोन झरोके हवेत. त्यांना पुढं आलेली टोपी आणि आत छोटी काडी हवी, म्हणजे पावसातही ते उघडे राहतात. एकच झरोका असेल तर हवा आत येते, बाहेर पडायला वाट नाही. तिसरं म्हणजे फ्लायची कड जमिनीपासून चार-पाच बोटं वर. फार वर असेल तर चिखल उडून आत येतो, म्हणून तळाचं कापड वीतभर वर वळवलेलं असावं, परातीच्या काठासारखं. आत नुसती जाळी असलेला तंबू आपल्याकडच्या पावसात मला पटत नाही. खालचा अर्धा भाग कापडाचा, वरचा जाळीचा, हे उत्तम.

आणि रात्री गारठा लागला म्हणून झरोके बंद करू नका. गारठा परवडला. तंबूत स्टोव्ह तर मुळीच पेटवायचा नाही. वाफेचं सोडा, कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो.

जागाही यातच आली. ओढ्याकाठच्या खोलगट जागेत गार, दमट हवा साचते आणि रात्रीत पाणी वाढलं तर वेगळीच भानगड. किंचित उताराची, थोडा वारा लागणारी जागा बघा. उघड्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, माथ्यावर नको, तिथं विजेची भीती.

उभारणी : आधी फ्लाय उभी राहते आणि आतला भाग नंतर तिच्याखाली टांगता येतो, असाच तंबू घ्या. उलट क्रमाचा असेल तर भर पावसात आतली जाळी उघड्यावर पसरावी लागते आणि तळात तळं होतं.

पोल ॲल्युमिनियमचेच. फायबरचा पोल वाऱ्यात चिरफाळतो आणि कापड फाडून बाहेर येतो. सड्यावर जांभ्यात खुंटी दोन बोटंही शिरत नाही, त्यामुळं खुंट्यांशिवाय उभा राहणारा तंबू हवा. दोर दगडांना बांधायचे, त्यासाठी १० मीटर जादा दोर जवळ ठेवा. खाली अंथरायची ताडपत्री तळापेक्षा सगळीकडून दोन बोटं लहान कापा. बाहेर डोकावली की फ्लायवरचं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते.

जळवा : चेन पूर्ण लावा, बूट बाहेरच्या पडवीत. झालं.

रानात नेण्याआधी एक रात्र घराच्या गच्चीवर, भर पावसात, दोघांनी झोपून काढा. घरचे हसतील.

परत आल्यावर तंबू दोरीवर टाका, घरात पंख्याखाली का होईना, दोन दिवस. ओलाच पिशवीत कोंबलात तर पॉलियुरेथेनचा लेप सडतो. गणपतीनंतर पिशवी उघडाल तेव्हा कापड बोटांना चिकटेल आणि आंबूस वास येईल. माझा दुसरा तंबू असाच गेला. आता त्याचे तुकडे जळणाच्या लाकडांवर झाकलेत.