काच कापताना पट्टी शेवटच्या वीतभर का सरकते

फ्रेमिंगच्या किंवा स्लायडिंगच्या कामात नुकते उतरला असाल, तर हिरा (काच कापायचा चाकवाला कटर) कसा धरायचा, काचेवर रेघ एकदाच मारायची, तिच्यावरून पुन्हा हिरा फिरवायचा नाही, हे उस्तादांनी सांगितलेलं असेलच. मला बोलायचंय ते पट्टीबद्दल. ते कोणी नीट सांगत नाही आणि माल वाया जातो तो बहुतेक तिथेच.

पट्टीखाली रबर लावलं की ती हलणार नाही, असं आपण धरून चालतो. हलते, आणि नेमकी शेवटच्या वीतभर. याच जागी मी खूप दिवस अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक कारण हाताचं. पट्टी आपण मधोमध दाबतो. हिरा तिला टेकून चालतो, म्हणजे तिला थोडा बाजूला रेटतोही. मध्यावर त्याचं काही वाटत नाही, पण टोकाकडे गेल्यावर तेवढाच रेटा पट्टीला हाताभोवती फिरवतो. मिलीमीटरभर फिरली तरी डोळ्याला दिसत नाही. तुकडा चौकटीत बसवताना एक कोपरा अडतो आणि समोर फट राहते, तेव्हा कळतं. म्हणून बोटं फाकवा. अंगठा एकीकडे, करंगळी जाईल तितकी दुसरीकडे, दाब दोन ठिकाणी. पट्टी लांब असेल तर पलीकडच्या टोकावर कोणाला तरी हात ठेवायला सांगा. जुनी माणसंही ठेवायला सांगतात, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं कारण तेलाचं. हिऱ्याच्या चाकाला रॉकेल किंवा शिलाई मशीनचं पातळ तेल हवंच. पण तेच तेल काचेवर पसरतं, रेघेतून उडालेली बारीक भुकटी त्यात मिसळते आणि दोन्ही रबराला चिकटतात. चार-पाच काप झाले की पट्टी उलटी करून उजेडात तिरकी धरा. रबर चमचम करताना दिसेल. तसं रबर काय धरणार? ते फडक्याने पुसा, बोटाने कधीच नाही. काचही पुसा. रबर कडक, गुळगुळीत झालं असेल तर बदला. सायकलच्या ट्यूबची पट्टी उत्तम चालते, फक्त कापायच्या कडेपासून बोटभर आत चिकटवा. जाड रबर मात्र नको. पट्टी उचलली जाते, कटरचं डोकं कडेखाली शिरतं आणि रेघ आत वळते. पकड यावी म्हणून पट्टीखाली पॉलिशपेपर लावायचा सल्ला देणारेही भेटतील. ऐकू नका, काचेवर ओरखडे उठतात.

मापाचं थोडक्यात: चाक पट्टीच्या कडेला चिकटून चालत नाही, दोन-तीन मिलीमीटर लांब चालतं. प्रत्येक कटरचं अंतर वेगळं. रद्दी तुकड्यावर एक रेघ मारा, पट्टी न हलवता कडेपासून रेघेपर्यंत मोजा आणि पट्टी खुणेपासून तेवढी मागे ठेवा. कटर बदललात की पुन्हा मोजा.

‘हात बसला की पट्टी लागत नाही’ असं म्हणणाऱ्या उस्तादांबद्दल मला आदर आहे, पण नवख्याला असं सांगणं चूक आहे. त्यांचा हात बसला तो पट्टीवरच. शिकायचं असेल तर चुकलेला तुकडा फेकून न देता ‘बघ, इथे दाब सुटला’ म्हणून दाखवणाऱ्या माणसाकडे शिका.

चपला घालून काच कापू नका. बूट हवेतच, रेघेवरून काच तोडताना चष्माही. निसटलेली काच झेलायला हात पुढे करायचा नाही, पडू द्या. हाताच्या शिरा परत मिळत नाहीत.

पण घाबरूनही जाऊ नका. भीतीने हिरा जास्त दाबला जातो, रेघ पांढरी होते आणि तिच्या कडेला कपच्या उडतात. चांगली रेघ बारीक असते आणि तिचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा येतो. सुरुवातीला तीन मिलीमीटरच्या रद्दी तुकड्यांवर हात चालवा. आरसा काचेच्या बाजूने कापा, पाठीच्या रंगावरून नाही. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला हिरा लावूच नका. ती रेघेवर तुटत नाही, सगळीच्या सगळी फुटते.