ऑटोहॉटकीत बनवलेल्या टूलला नाव कसं द्यावं, वर्णन कसं लिहावं

स्क्रिप्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नीट चालते आहे आणि आता ती ऑफिसातल्या आणखी चार जणांना द्यायची आहे, असं धरून चालतो. उदाहरणाला ऑटोहॉटकी घेतलं आहे. ते स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने करायच्या कामांची लिहिलेली यादी, चालवणारं सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजवर चालतं, मोफत आहे, 2003 पासून आहे, आणि रोजचं तेच ते टायपिंग टाळायला लहान ऑफिसांत सहज वापरता येतं.

‘कोड चांगला लिहा, वर्णन शेवटी दोन ओळींत उरका’ हा सल्ला सोडून द्या. तुमचा कोड दुसरं कोणी उघडून बघणार नाही. लोक वाचतात ते नाव आणि त्याखालची चार वाक्यं. हे टूल त्यांच्या कीबोर्ड-माउसचा ताबा घेणार असतं, त्यामुळे त्या चार वाक्यांवर खरी जबाबदारी असते.

नाव

काम सांगणारं नाव द्या: ‘एक्सेलमधून पावत्या भरा’. ‘सुपर हेल्पर’ नको, ‘नवीन फायनल 2’ तर नकोच. आवृत्तीचा क्रमांक फाइलच्या नावात घालू नका. नाव बदललं की लोकांनी डेस्कटॉपवर आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवलेले शॉर्टकट तुटू शकतात.

प्रकार

‘विंडोजसाठी ऑटोहॉटकी स्क्रिप्ट, आवृत्ती 2’ एवढं लिहा. मॅक्रो (एक्सेलमध्येच साठवलेली, आपोआप चालणारी कामं) म्हटलंत तर माणूस ते एक्सेलच्या मेनूत शोधत बसतो. एआय तर मुळीच म्हणू नका. ही स्क्रिप्ट काही समजून घेत नाही, सांगितलेल्या कळा सांगितलेल्या क्रमाने दाबते. आवृत्ती मात्र लिहायलाच हवी. 2.0 डिसेंबर 2022 मध्ये आली आणि तिची भाषा 1.1 पेक्षा इतकी वेगळी आहे की एकीची स्क्रिप्ट दुसरीत बहुधा उघडतानाच चूक दाखवते. 1.1 चा विकास 2024 मध्ये थांबला, पण जुन्या कॉम्प्युटरांवर ती अजून सापडते.

वर्णन

अवघड भाग हा आहे. मीही इथे बराच काळ अडखळत होतो, कारण आपल्याला टूल आतून माहीत असतं आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. बहुतेक वर्णनं अशी असतात: ‘ऑफिसचं काम सोपं करणारं स्मार्ट ऑटोमेशन टूल. वेळेची मोठी बचत.’ यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. तेच वर्णन मी असं लिहीन:

‘एक्सेलमधल्या पावत्यांच्या शीटची एकेक ओळ घेऊन बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये नवी पावती भरतं आणि सेव्ह करतं. सुरू करण्याआधी दोन्ही खिडक्या उघड्या हव्यात. कंट्रोल-ऑल्ट-पी दाबल्यावर सुरू होतं. चालू असताना माउस-कीबोर्डला हात लावू नका. थांबवायला एस्केप दाबा. सेव्ह झालेल्या पावत्या आपोआप परत जात नाहीत, त्या हाताने रद्द कराव्या लागतात.’

क्रम नीट बघा. आधी टूल कुठून घेतं, कुठे टाकतं आणि काय बदलतं. मग सुरू कसं होतं आणि थांबतं कसं. शेवटी काय परत फिरवता येत नाही. थांबवण्याची कळ वर्णनात नसेल तर टूल कोणाला देऊच नका. स्क्रिप्टमध्येच ती कळ नसेल तर आधी घाला, मग वर्णन लिहा.

‘हात लावू नका’ हे वाक्य लोकांना उद्धट वाटतं म्हणून गाळलं जातं. ते गाळू नका. साध्या सेंड आज्ञेने पाठवलेल्या कळा त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिच्यात जातात. मध्येच कोणी व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीवर क्लिक केलं तर ग्राहकाचं नाव आणि रक्कम त्या चॅटमध्ये टाइप होईल, आणि पुढची एंटरची कळ ते पाठवूनही देईल.

शॉर्टकट कुठे लागू आहे हेही लिहा. समजा तुम्ही कंट्रोल-डी घेतलीत आणि ती एका ठरावीक खिडकीपुरती मर्यादित केली नाहीत. मग एक्सेलमध्ये वरच्या सेलमधला मजकूर खाली भरणारी कंट्रोल-डी बंद पडते, आणि त्या माणसाला वाटतं एक्सेल बिघडलं. मर्यादा घातली असेल तर ‘फक्त बिलिंगची खिडकी पुढे असताना’ असं स्पष्ट लिहा.

आणखी दोन मर्यादा वर्णनात याव्यात. टूल पडद्यावरच्या ठरावीक जागी क्लिक करत असेल तर स्क्रीनचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचा मजकूर किती टक्के मोठा दिसतो, ते किती हवं ते सांगा. 100 टक्क्यांवर बसवलेले क्लिक 125 टक्क्यांवर भलत्याच बटणावर पडू शकतात. आणि समोरचा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर साध्या हक्काने चालणारी स्क्रिप्ट त्यात कळा पाठवू शकत नाही. ही विंडोजची सुरक्षा आहे, पण वर्णनात लिहिलं नसेल तर लोक टूललाच नावं ठेवतात.

लिहून झाल्यावर ज्याला टूल वापरायचं आहे त्याच्यासमोर फक्त वर्णन ठेवा आणि विचारा: हे मध्येच थांबवायचं झालं तर काय कराल? तो तुमच्याकडे बघायला लागला तर वर्णन पुन्हा लिहा.

वर्णन कुठे ठेवायचं

स्क्रिप्टच्या अगदी वर, अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळींत. ऑटोहॉटकी त्या ओळी कोड म्हणून चालवत नाही. वेगळी वर्ड फाइल करू नका, ती दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्टपासून वेगळी पडते. त्याच ठिकाणी हॅश-रिक्वायर्सची (#Requires) ओळ लिहून आवृत्ती 2.0 मागा, म्हणजे चुकीच्या आवृत्तीत उघडल्यावर न कळणाऱ्या चुकांऐवजी सरळ संदेश येतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. आवृत्ती 2 फाइल यूटीएफ-8 (अक्षरं साठवण्याची एक पद्धत) समजूनच वाचते. 1.1 तसं धरत नाही, त्यामुळे संदेशाच्या चौकटीतली देवनागरी अक्षरं विचित्र चिन्हांत बदलतात. 1.1 साठी फाइल ‘यूटीएफ-8 बीओएमसह’ अशीच सेव्ह करा; बीओएम म्हणजे ती पद्धत ओळखता यावी म्हणून फाइलच्या सुरुवातीला असलेली खूण. नोटपॅडच्या सेव्ह अ‍ॅजमध्ये हा पर्याय आहे.

घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये प्रत्येक स्क्रिप्टचं तेच हिरवं एच दिसतं. तीन स्क्रिप्ट चालू असल्या की कोणती बंद करायची ते कळत नाही. आयकॉन बदला, आणि माउस नेल्यावर दिसणाऱ्या ओळीत नावासोबत थांबवण्याची कळ लिहा: ‘पावत्या भरा, थांबवायला एस्केप’.

एक्झी करून देणार असाल तर

कंपाइल करताना, म्हणजे स्क्रिप्टची थेट चालणारी एक्झी फाइल बनवताना, फाइलचं वर्णन आणि आवृत्ती या जागा भरा, त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतात. निरुपद्रवी एक्झीवरही अँटिव्हायरस कधीकधी आक्षेप घेतो. ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं वर्णनात कधीही लिहू नका. सोबत मूळ स्क्रिप्टची फाइल द्या, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला आत काय आहे ते उघडून बघता येईल आणि परवानगी द्यायची की नाही ते तो ठरवेल.