गणपतीतला डाव लावण्याआधी

गणपतीत मुंबईची मंडळी अलिबागला घरी आली की दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत डी अँड डीचा, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाचा, डाव बसतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा, मीच. २०१४ ची नियमपुस्तकं जुनी झाली असतील, पण आमच्याकडे तीच चालतात.

सगळ्यात आधी माणसं मोजायची. चौघं नक्की, पाचवा शेजारचा, सहाव्याचं उत्तर "बघू". त्यामुळे कुठलीही लढाई चारांसाठी बेतायची आणि जास्तीचा एकेक गॉब्लिन (खेळातला बुटका राक्षस) बाजूला काढून ठेवायचा. माणूस वाढला तर तो तटामागून येतो, नाही वाढला तर तो तिथे कधी नव्हताच.

मग शत्रू तपासायचे, आणि इथे घाई करायची नाही. गेल्या वर्षी पहिल्या लेव्हलच्या पाचजणांसमोर मी एकच ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, उभा केला. पुस्तकाच्या हिशेबाने त्याचे ४५० एक्सपी, म्हणजे शत्रू किती अवघड ते सांगणारे गुण. पाचजणांची 'कठीण'ची रेघ ३७५ वर आणि 'प्राणघातक'ची ५०० वर, म्हणजे सगळं बसत होतं. त्याचा सोटा लागला की सरासरी १३ हिट पॉइंट, म्हणजे अंगातल्या जीवाचे गुण, जातात, जास्तीत जास्त २०. धाकट्या मावसभावाच्या जादूगाराचे हिट पॉइंट ७. पहिल्याच फटक्याला १६ पडले आणि जादूगार बेशुद्ध न होता थेट मेला, कारण शून्याखाली उरलेला मार त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांपेक्षा जास्त होता. पोरगा आरतीपर्यंत खांबाला टेकून बसला. ओगर पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला एका फटक्यात मारू शकतो, हे त्याच पुस्तकात शब्दशः लिहिलंय. मी ते विसर्जनानंतर वाचलं.

म्हणून यंदा चार गॉब्लिन. प्रत्येकी ५० एक्सपी, चौघं म्हणून दुप्पट धरायचे, एकूण ४००. कागदावर वजन जवळपास ओगरएवढंच. पण यांचा एक फटका सरासरी ५ चा, आणि चार फटके चौघांत वाटले जातात. उलट एकटा ओगर पाचजणांत सापडला तर त्याची एक पाळी होईपर्यंत त्यांच्या पाच होतात, तेव्हा तो एक तर लगेच मरतो नाहीतर लगेच मारतो. एक्सपीच्या बेरजेआधी दोन्ही बाजूंच्या पाळ्या मोजायच्या. आकडे गॉब्लिनचेच ठेवून नाव मात्र बदलायचं. आमच्याकडे समुद्रात गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, असतो, गॉब्लिन कोणी पाहिलाय?

आता विश्रांतीचं. जादूगाराचे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या दोन संधी, संपल्या की तो लाँग रेस्ट मागतो, तलवारवाला मात्र दिवसभर तसाच ताजा. प्रत्येक लढाईनंतर आठ तास झोपू दिलं तर जादूगारच सगळा खेळ खातो. त्यावर आमच्या दारातच उतारा आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, तसाच किल्ला नकाशावर काढायचा. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हे घरात सगळ्यांना पाठ. गोष्ट द्वितीयेला ठेवायची: भरती दीडला, ओहोटी संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला, उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब जातं. खेळात वाट सहा ते साडेनऊ उघडी. साडेनऊच्या आत बाहेर पडलात तर दमलेलेच लढाल. आत राहिलात तर झोपायला सबंध रात्र आहे, पण पळायला वाट नाही. कोणतं निवडायचं ते त्यांनी ठरवायचं. मी फक्त पाणी कुठवर आलं ते सांगत राहणार. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग नाही.

फासे उघड्यावर टाकायचे, गेम मास्टरच्या पडद्यामागे नाही. १८२४ च्या प्रशियन युद्धखेळात दोन्ही बाजूंपासून वेगळा पंच असे. आमच्या खेळात तोच माणूस शत्रूही चालवतो, मग त्याचा फासा लपलेला असेल तर भाऊबंद विश्वास का ठेवतील? सांभाळून घ्यायचंच असेल तर ते फासा पडायच्या आधी: गिऱ्हे जखमी झाले की पळतील, हे आत्ताच वहीत लिहून ठेवायचं.

बाकी किरकोळ. भाद्रपदाच्या दमटीत कागद लोळागोळा होतो, म्हणून कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आणि पेन्सिलने. वीज जाणार हे धरून कंदील. मोदकाच्या तुपाचे हात पुसायला जुनं धोतर. डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचे फासे, दोन जास्तीचे, एक मखराखाली जातोच.

आणि मेलेल्याला काम. गेल्या वर्षीच्या जादूगाराला आधीच फोन करून विचारलं. मेलास तर दोन गिऱ्हे तू चालव, म्हटलं. तो म्हणाला, "दादा, मरायची वाट कशाला बघू? पहिल्यापासूनच दे." दिलेत. माझ्याकडे दोनच उरलेत.